गॅलरी मोकळी ठेवावी

मानवजातीच्या निवाऱ्याच्या प्रश्नावर मी सव्वीस वर्षं काम केलं. हा प्रश्न दर खेपेला पंधराशे शब्दांत, बारा फोटोंत आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत सोडवावा लागे. शुक्रवारच का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा शनिवार-रविवार मानवजातीला सुट्टी असावी.

दादर पश्चिमेला एका मिठाईच्या दुकानावर वझेसाहेबांचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं. तिथे मी टायपिस्ट म्हणून लागलो. टेंडरं, महापालिकेला स्मरणपत्रं, त्या स्मरणपत्रांची स्मरणपत्रं, असं चाललं होतं. एकदा परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचा फॉर्म आला. कमी सिमेंट, कमी वीज आणि कमी पैशांत उभ्या राहिलेल्या घरांना ते बक्षीस देणार होते. ऑफिसातल्या एका हुशार आर्किटेक्टने आमच्या इमारतीचं वर्णन लिहिलं होतं. पहिल्याच वाक्यात 'स्पेस' हा शब्द चार वेळा. मी टाइप करता करता त्यातले तीन काढून टाकले. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "गुप्ते, चौथा का ठेवलात?" त्या दिवसापासून ते खातं माझ्याकडे आलं.

पुरस्कारांच्या प्रवेशिका लिहिणारा माणूस, हा धंदा नातेवाइकांना समजावून सांगता येत नाही. माझ्या सासऱ्यांचा अखेरपर्यंत समज होता की पुरस्कार मलाच मिळतात आणि मी विनयाने बोलत नाही. मीही तो समज फार जोराने खोडून काढला नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. परीक्षक मंडळी जगभर पसरलेली. त्यांनी घरं पाहिलेली नसतात, कागद पाहिलेले असतात. त्यामुळे प्रत्येक इमारत दोनदा बांधावी लागते. एकदा विटांनी आणि एकदा वाक्यांनी. दुसरीला गळती लागत नाही. विशेषणं वापरायची नाहीत, ती परीक्षकांना स्वतःला वापरायची असतात. प्रत्येक दोषाला एक चांगलं नाव असतं, ते शोधायचं. लिफ्ट बसवायला पैसे नव्हते, तर 'रहिवाशांच्या चालण्याच्या सवयीचा आदर'. पाणी दिवसातून दोन तासच, तर 'पाण्याबाबतची सामूहिक जागरूकता'. फॉर्ममध्ये एक चौकोन असायचा, 'रहिवाशांच्या शब्दांत'. ते शब्द माझे. मी आजवर एकेचाळीस रहिवासी बोलते केले. त्यांतल्या निम्म्यांना भेटलोही होतो.

फोटोंचं वेगळं शास्त्र. आमचा फोटोग्राफर माहीमचा, अतिशय सज्जन माणूस. पण कॅमेरा काढण्याआधी तो इमारत रिकामी करायला लावायचा. बादल्या, कपडे, कुंड्या, माणसं, सगळं बाजूला. मग प्रमाण कळावं म्हणून एक बाई पाठमोरी उभी करायची. तिने नेसायची पिवळी साडी ऑफिसच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी ठेवलेली होती. जगातल्या पाच देशांच्या परीक्षकांनी ती साडी पाहिलेली आहे.

एका इमारतीला आम्हाला 'खेळत्या हवे'चं प्रशस्तिपत्र मिळालं. दोन वर्षांनी कामानिमित्त तिकडे गेलो, तर सगळ्या खिडक्या बंद करून एसी बसवलेले. मी वर पाहत उभा होतो. एक गृहस्थ मोठ्या प्रेमाने जवळ आले. म्हणाले, "साहेब, तुमच्या बक्षिसामुळे इमारतीचं नाव झालं. वरची खोली चांगल्या भाड्याने गेली. त्यातूनच एसी घेतला."

हे सगळं मी हसत सांगतो. डिलाईल रोडचं काम तसं सांगता येत नाही.

डिलाईल रोडवरची ती चाळ. नाव देत नाही, तिथले लोक अजून माझ्याशी बोलतात. मधे पटांगण, समोरासमोर दोन इमारती, एक नंबर आणि दोन नंबर. एक नंबर मोडकळीला आली तेव्हा रहिवाशांनी बिल्डरला न देता स्वतःच बांधायची ठरवली आणि साहेबांकडे आले. साहेबांनी तिथे आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम केलं, असं मला वाटतं. जुने सागवानी खांब आणि दारं पुन्हा वापरली, राखेच्या विटा घेतल्या, पावसाचं पाणी साठवण्यासाठी पटांगणाखाली टाकी केली. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक मजल्यावर आठ फूट रुंद गॅलरी ठेवली. खोल्यांची दारं गॅलरीत उघडणारी, गॅलरी पटांगणावर उघडी. "घर खोलीत नसतं गुप्ते, दाराबाहेर असतं," साहेब म्हणाले. मी ते वाक्य प्रवेशिकेसाठी लिहून घेतलं. साहेब कधीकधी फुकट काम करून टाकायचे.

आता प्रश्न दोन नंबरचा होता. तीही टेकूंवर उभी होती. तिच्यासाठी दोन नकाशे तयार होते. एक साहेबांचा: तशीच गॅलरी, एक नंबरच्या समोर, आणि दुसऱ्या मजल्यावर दोन्ही गॅलऱ्यांना जोडणारा पूल. दुसरा नकाशा कोणा दुसऱ्याचा होता: मधून बंद पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, गॅलरीची जागा खोल्यांत घेतलेली. निवड दोन नंबरच्या रहिवाशांनी सभेत करायची होती.

चाळीचे सेक्रेटरी शिर्के, बँकेत नोकरीला, चाळिशीचे. त्यांनी मला स्पष्टच सांगितलं, "गुप्तेसाहेब, आपल्या लोकांना आपण काही सांगून पटत नाही. बाहेरच्याने चांगलं म्हटलं की पटतं. एक नंबरच्या गॅलरीला तो इंटरनॅशनल अवॉर्ड आला ना, तर दोन नंबरचा नकाशा हसत पास होईल. सभा मी निकालानंतरच लावतो. आता तुमच्या पेनात आहे सगळं."

पेनात असं काही नव्हतं. पण मी सारखा तिकडे जायला लागलो. सुरुवातीला माहिती घ्यायला, नंतर माहिती घ्यायची राहिली आहे असं सांगून.

याचं कारण माझ्या वडाळ्याच्या घरात आहे. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, चारी बंद. समोर कोण राहतं ते मला पाटीवरून माहीत होतं. पुढे कळलं की पाटी आधीच्या मालकाची आहे. मी वाढलो गिरगावात, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, जिथे रात्री निजेपर्यंत दार लोटलं तर शेजारी विचारायला येत, "काय रे, बरं नाही का कोणाला?" लग्नानंतर ते सोडलं. कोणी हाकललं नव्हतं. स्वतःचं न्हाणीघर हवं होतं, ते मिळालं.

डिलाईल रोडला दोन नंबरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर परबकाकू राहत. सत्तरीच्या, मालवणच्या बाजूच्या. सगळी चाळ त्यांना काकू म्हणे, म्हणून मीही. त्यांच्या बरोब्बर समोर, पटांगणापलीकडे एक नंबरमध्ये फिलू आंटी. पूर्ण नाव फिलोमिना, नवऱ्यामागे एकटी, शिवणकाम करणारी. मुंबईतच सात पिढ्या काढलेल्या ख्रिश्चन घरातली. इमारत पाडून बांधायच्या दिवसांत ती तीन वर्षं चिंचपोकळीला बहिणीकडे राहिली आणि परत आली ती मुद्दाम समोरची खोली मागून घेऊन. दोघींची मैत्री चाळीस वर्षांची.

काकूंचे कान गेले होते. तोंडाकडे बघत असताना मोठ्याने बोललं तर कळे, पण कुकरची शिट्टी बिलकूल ऐकू येत नसे. यावर दोघींनी काढलेला तोडगा असा: काकूंनी कुकर गॅसवर ठेवायचा आणि दारात येऊन बसायचं. पटांगणापलीकडे फिलू आंटी मशीनवर शिवता शिवता शिट्ट्या मोजायची. एक झाली की एक बोट वर, दुसरीला दोन. तिसरीला शिवायला घेतलेलं कापड हवेत झटकायचं. काकू उठून गॅस बंद करायच्या.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं दोघींचं भांडण चाललंय.

"मटण असलं तर गो?" काकू इकडून ओरडल्या.

"मटणाला सहा!" फिलूने दोन्ही हात वर केले. "पण मला पाठवणार असशील तरच मोजेन हां शांते, सांगून ठेवते!"

"मेले, तुझ्याशिवाय घशाखाली उतरता काय माका!"

मी हे टिपून घेतलं. आणि मग वगळलं. मजकूर पंधराशे तीस शब्द होत होता. कुकरचा परिच्छेद बरोबर तेहतीस शब्दांचा होता. शिवाय आंतरराष्ट्रीय परीक्षकांना कुकर समजेल का, अशी शंका आली. गॅलरीचं वर्णन मात्र, होते तेवढ्याच शब्दांत, मी जरा वरच्या पट्टीत केलं. दारात तांदूळ निवडणारी आई, एका खोलीतल्या रेडिओवर सगळ्या मजल्याने ऐकलेल्या बातम्या, कोणाच्याही घरातून कोणाच्याही घरात जाणारी वाटी. त्या आठवड्यात मला दुसरं काही चांगलं लिहिता आलं नाही.

काकूंना कुठून तरी कळलं की मी त्यांच्यावर लिहितोय. एके दिवशी खुर्ची पुढे करून म्हणाल्या, "वाचा. आमच्याबद्दल काय लिवलात ता आमका कळाक नको?"

मी इंग्रजीचं मराठी करत, मोठ्याने, गॅलरीचा परिच्छेद वाचला. समोरून फिलू आंटीही मशीन थांबवून ऐकत होती. वाचून झालं. काकूंनी एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, भारावल्या.

"चांगला लिवलात," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ही आमची गॅलरी न्हय. आमच्याकडे रेडिओ कोणाकडे होतो? सगळे गिरणीत पाळीला जायचे, तीन पाळ्या. बातम्या ऐकूक जागो कोण होतो? आणि तांदूळ मी कधी दारात निवडूक नाय. घारी येतत."

मी कागद घडी करू लागलो.

"ही तुमची गॅलरी," काकू म्हणाल्या. आवाज एकदम उतरला होता. "तुमच्या आवशीची. खंय होती?"

"गिरगावात."

"आता?"

"आता तिथे टॉवर आहे."

काकूंनी मान हलवली. मग समोर बोट दाखवलं. "माका कसलो पुरस्कार नको बाबा. माका हयसून फिलू दिसाक होयी. ता लिवा."

मी हो म्हणालो. प्रवेशिका आदल्या शुक्रवारी गेलेली होती, हे सांगितलं नाही.

आम्ही पहिल्या निवडीत आलो. ऑफिसात पेढे झाले, खालच्याच दुकानातले. आता नियमाप्रमाणे परदेशातून एक पाहणी करणारी बाई येणार होती. एक सकाळ ती इमारतीत घालवणार आणि मग परीक्षकांना अहवाल देणार. पत्रात लिहिलं होतं की नकाशातली मापं प्रत्यक्ष तपासली जातील.

साहेबांना काळजी पडली. कारण आठ फुटांच्या गॅलरीत प्रत्यक्षात तीन फूटच दिसत. बाकीच्यात वॉशिंग मशीन, कपाटं, पलंग, तुळशी, सायकली आणि एका ठिकाणी अख्खं शिवणाचं मशीन. "टेप धरायला तरी जागा व्हायला हवी," साहेब म्हणाले. "एक नोटीस लिहा. तुम्हाला जमतं."

मला जमलं. दोन्ही इमारतींच्या जिन्यात लागलेली नोटीस अशी होती: 'पाहुण्या येणार त्या दिवशी सकाळी मापे घेण्याकरिता गॅलरी मोकळी ठेवावी. सहकार्याची अपेक्षा आहे.'

सव्वीस वर्षांत माझं कुठलंच लिखाण इतक्या मनापासून कोणी वाचलं नसेल.

त्या सकाळी साहेब, शिर्के, ती बाई आणि मी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आलो आणि मी थांबलोच. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीही नव्हतं. लादी पुसून लखलखीत. प्रत्येक दारापुढे रांगोळी. दोरीवर एक कपडा नाही. आणि सगळी दारं बंद. समोर दोन नंबरलाही तेच. तिथले टेकू धुतले होते. टेकू धुतलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

काय झालं होतं ते नंतर कळलं. गणपतीत चाळ जशी कामाला लागते तशी ती आदल्या दिवशी कामाला लागली होती. गॅलरीतलं झाडून सगळं सामान खोल्यांत घेतलं. मग खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. असा पसारा परदेशी पाहुणीला दिसायला नको, म्हणून दारं लावून घेतली. आणि माणसं, ठेवणीतले कपडे घालून, त्या सामानावर बसून राहिली. पाहुणी दार वाजवेल, मग उघडू, अशी सगळ्यांची समजूत. पाहुणीच्या देशात बंद दार वाजवत नाहीत.

बाई हळू चालत होती. साधी, शांत, साठीच्या आतली. तिच्या हातात माझी प्रवेशिका होती, आणि गॅलरीचा परिच्छेद पेन्सिलीने अधोरेखित केलेला होता. तिने टेप धरला. आठ फूट भरले. साहेबांचा चेहरा उजळला. गॅलरी हुबेहूब आमच्या फोटोसारखी दिसत होती. पिवळी साडी तेवढी नव्हती.

"लोक कुठे आहेत?" तिने विचारलं.

"ऑफिसला, मॅडम," शिर्के म्हणाले. "अँड व्हेरी डिसिप्लिन्ड पीपल."

तेवढ्यात समोरून, दोन नंबरमधून कुकरची शिट्टी झाली.

मी समोर पाहिलं. काकूंचं दार बंद होतं. नोटीस त्यांनीही वाचली होती. दुसरी शिट्टी झाली. आमच्या डावीकडे फिलू आंटीच्या बंद दारामागे काहीतरी सरकल्यासारखं झालं. तिसरी झाली, तसा आतून भांडी कोसळल्याचा मोठा आवाज आला.

"मांजर," शिर्के बाईंना म्हणाले.

चौथी. पाचवी. दारावर आतून दोनदा थाप पडली. बाईने त्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साहेबांनी ओळख करून देताना सांगितलं होतं की मजकूर यांचा. तिने प्रवेशिका वर धरली.

"तुम्ही लिहिलंय की इथली दारं दिवसभर उघडी असतात."

मला खरं उत्तर माहीत होतं. 'ती तुमच्यासाठी बंद आहेत,' एवढंच म्हणायचं होतं. किंवा काहीच न म्हणता ते एक दार वाजवायचं होतं, हातभर अंतरावरचं. पण दार उघडलं असतं तर पलंगावर पलंग, कपाटावर कुंड्या असं सगळं दिसलं असतं, आणि साहेब माझ्याकडे बघत होते, आणि गॅलरी इतकी स्वच्छ दिसत होती.

"सकाळी इथे जरा शांतता असते," मी म्हणालो.

तिने ते लिहून घेतलं. सहावी शिट्टी झाली, सातवी झाली. मग जळका वास आला आणि आम्ही तिसरा मजला पाहायला गेलो.

बाईची गाडी गेल्यावर मी धावत परत आलो. फिलू आंटीच्या दाराला आतून वॉशिंग मशीन लागलं होतं. शेजारच्या दोघांनी ढकललं तेव्हा दार उघडलं. ती घामाघूम झाली होती. मला तिने पाहिलंही नाही. तशीच गॅलरीच्या कठड्याशी गेली आणि ओरडू लागली, "शांते! अगं शांते! बंद कर!"

समोरचं दार उघडलं. काकू नऊवारी शालू नेसून बाहेर आल्या. हाकेने नव्हे, आतल्या धुराने.

"गेली मा ती बाय?" काकूंनी विचारलं. "माझ्याकडे इलीच नाय. मी डाळभात लावलंय तिच्यासाठी. जेवान जाईत म्हटलं."

निकाल आला. पुरस्कार एका थंड देशातल्या लाकडी घरांना मिळाला. आम्हाला 'विशेष उल्लेख'. सोबतच्या मानपत्रात परीक्षकांनी लिहिलं होतं की या इमारतीतली गॅलरी म्हणजे दाटीच्या शहरात जपलेलं एक निखळ रिकामपण आहे, आणि तिथली सकाळची शांतता मनात राहते. ही शांतता माझी. माझं तोंडी वाक्य जगात कुठे उद्धृत झालं असेल तर ते एवढंच.

शिर्क्यांनी सभा लावली. मानपत्राचं मराठी मी केलं आणि मीच वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग मागून दोन नंबरमधला एक इंजिनिअर उठला. चांगला मुलगा, मला तो आवडायचा. शांतपणे म्हणाला, "काका, म्हणजे गॅलरी चांगली आहे, कारण ती रिकामी आहे, असंच म्हणतायत ना ते? मग रिकामं ठेवायला आठ फूट कशाला पाहिजेत? आम्हाला ते खोलीत द्या. रिकामपणाला चार फुटांचा पॅसेज पुष्कळ झाला."

त्याच्या बोलण्यात चूक दाखवता येईना. चूक मानपत्रात होती आणि मानपत्रात ती माझ्याकडून गेली होती. साहेब उठले, पुलाबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले. लोकांनी आदराने ऐकून घेतलं. मी उठलो नाही. उठून काय सांगणार होतो? की त्या सकाळी मी खोटं नाही, पण खरंही बोललो नाही? कुकर सांगावा असं मनात आलं. पण तो प्रवेशिकेत नव्हता, मग सभेत कसा येणार?

हात वर करायला सांगितलं. पॅसेजच्या बाजूने बरेच हात वर गेले. सगळ्यांत शेवटी काकूंचा गेला, अर्धाच.

सभा संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "नातीक अभ्यासाक जागा होयी मा," म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. फिलू आंटी त्यांच्या मागे उभी होती. एक नंबरची असल्यामुळे तिला मत नव्हतं.

"बरोबर केलंस गं," ती काकूंना म्हणाली. आणि काकूंना ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा मोठ्याने म्हणाली, "बरोबर केलंस!"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दोन नंबर उभी राहिली, सात मजली, लिफ्टवाली, भक्कम. खोल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या त्यात काकूंना सहावा मजला आला, रस्त्याच्या बाजूचा. नातीची अभ्यासाची खोली झाली, नात शिकली, बंगळूरला गेली. वझेसाहेब आता नाहीत. ऑफिसच्या जागी मिठाईवाल्याने दुकान वर वाढवलं आहे. पिवळ्या साडीचं काय झालं, माहीत नाही.

निवृत्त झाल्यावर मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर तो तेहतीस शब्दांचा परिच्छेद. वडाळ्याच्या माझ्या बंद दाराआड बसून मी तो पुष्कळदा मनात पुन्हा लिहिला आहे. प्रवेशिकेत कुठे बसवता आला असता तेही ठरवलं आहे. 'पावसाच्या पाण्याची साठवण' आणि 'जुन्या लाकडाचा पुनर्वापर' यांच्या मधे.

महिन्या-दोन महिन्यांतून तिकडे जातो. मागच्या खेपेला काकूंकडे बसलो होतो. त्यांनी कुकर लावला, मोबाइल उचलला, फिलूचा नंबर लावला आणि फोन ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. पलीकडून फिलू ऐकत होती. तीन शिट्ट्या झाल्या की ती फोन कापते. पडद्यावरचं तिचं नाव गेलं की काकू गॅस बंद करतात. चुकत नाही कधी.

"पण थोबाड दिसणा नाय ना तिचा," काकू म्हणाल्या.

म्हणून रोज चारला दोघी खाली उतरतात. पटांगणात आता गाड्या लागतात, तिथे बसता येत नाही. फाटकाजवळ भिंतीला लागून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकतात. त्याच भिंतीवर कमिटीने पितळेचा फलक बसवला आहे: आंतरराष्ट्रीय विशेष उल्लेख, संस्थेचं नाव, वर्ष, आणि खाली मानपत्रातलं ते रिकामपणाचं वाक्य, माझ्याच मराठीत. येण्याजाण्याच्या वाटेत बसू नये अशी नोटीस तिथे लावायचं कमिटीच्या मनात आहे. शिर्क्यांनी मजकूर माझ्याकडेच मागितला. मी म्हटलं, देतो. सहा महिने झाले. काम चालू आहे.

फलकाचा उजवीकडचा वरचा स्क्रू अर्धा बाहेर आला आहे. फिलू आंटी बाजारातून येते तेव्हा माशांची पिशवी त्याला अडकवते. पिशवी लावली की उल्लेख, संस्थेचं नाव आणि वाक्य, सगळं झाकलं जातं. डाव्या कोपऱ्यातलं वर्ष तेवढं दिसतं.